पान वजनावर, विडी मोजणीवर

विडी कामगार महिलेची मजुरी वळणाऱ्या बोटांवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी त्याआधीच, कात्रीखाली ठरलेली असते.

लोणावळ्याजवळच्या वलवणची पानटपरी असो वा सोलापुरातील एखाद्या नाक्यावरचे दुकान, विडीचा कट्टा सगळीकडे सारखाच दिसतो. कागदाच्या वेष्टनात एका मापाच्या, एका जाडीच्या, दोऱ्याने आवळलेल्या विड्या असतात. कोणतेही यंत्र न वापरता घराघरांत तयार होणाऱ्या वस्तूत हा सारखेपणा येतो कोठून, हा प्रश्न ग्राहकाला सहसा पडत नाही. त्याचे उत्तर विडीच्या आतील तंबाखूत नसून बाहेरच्या पानात आहे. हे पान जंगलातून येते, भिजवले जाते, मापाने कातरले जाते आणि मगच वळणाऱ्या हातात पडते. या साखळीतील पान कातरण्याचा टप्पा सर्वांत कौशल्याचा आहे. आणि मजुरीच्या हिशेबात सर्वांत कमी दिसणाराही तोच आहे.

देशात विडी वळण्याच्या कामावर जगणाऱ्यांची संख्या केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या नोंदींनुसार ५० लाखांच्या आसपास आहे. त्यांत बहुसंख्य महिला आहेत आणि त्यांतील बहुतेक जणी घरी बसून काम करतात. महाराष्ट्रात सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सिन्नर, संगमनेर, गोंदिया, भंडारा आणि कामठी ही या व्यवसायाची जुनी केंद्रे. सोलापुरात तेलुगू भाषक पद्मशाली समाजातील पुरुष यंत्रमागावर आणि स्त्रिया विडीवर, अशी कामाची विभागणी अनेक पिढ्या चालत आली.

जंगलातील मोजणी

विडीचे पान म्हणजे तेंदूचे पान. या झाडाला मराठीत टेंभुर्णी असेही म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. दसऱ्याला ‘सोने’ म्हणून वाटल्या जाणाऱ्या आपट्याची पानेही महाराष्ट्रात विडीसाठी वापरली गेली आहेत, आणि वनखात्याच्या विक्रीच्या सूचनांमध्ये तेंदूबरोबर आपट्याचाही उल्लेख राहत आला आहे. मात्र व्यवसायावर पकड बसली ती तेंदूची. त्याची कारणे साधी आहेत. हे पान मुबलक मिळते, वाळवून साठवता येते आणि पुन्हा भिजवले की चामड्यासारखे लवचीक होते. गुंडाळताना ते सहजी फाटत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गुजरातमधून आलेल्या व्यापारी कुटुंबांनी जबलपूरच्या परिसरात विडीचा धंदा वाढवला, तो तेंदूची जंगले आणि रेल्वे या दोन्ही गोष्टी तेथे जवळ होत्या म्हणून. पूर्व विदर्भात गोंदियाचे महत्त्व वाढले तेही याच दोन कारणांनी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूच्या झुडपांची छाटणी होते. त्यानंतर फुटणारी कोवळी, तांबूस पालवी हिरवी होऊन पुरेशी पक्व झाली, की एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत पाने तोडण्याचा हंगाम सुरू होतो. फार कोवळे पान वाळल्यावर चुरगळते, जून पान कडक राहते. पाऊस आला की हंगाम संपतो. कारण वाळत घातलेले पान एकदा भिजले, की त्यावर डाग पडतात आणि ते विडीच्या कामाचे राहत नाही.

महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा बांधण्याची पद्धत आहे. असे १००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. म्हणजेच ७० हजार पाने. संकलन केंद्राला त्या भागात ‘फळी’ म्हणतात. तेथे पुडे मोजून घेतले जातात, उन्हात वाळवले जातात, उलटले जातात आणि नंतर गोणपाटात भरले जातात. तोडणाऱ्या कुटुंबाला मिळणारा दर हा पुड्यांच्या मोजणीवर असतो. १९६९ च्या राज्याच्या कायद्याने हा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. पुढे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करून पाने विकू लागल्या. वनहक्क कायद्याने तेंदूपानाचा समावेश गौण वनोपजात स्पष्ट शब्दांत केला आहे.

जंगलात पान मोजले जाते, ही बाब येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण शहरातल्या कारखान्याच्या दारात पोहोचताच मापाची पद्धत बदलते.

आधी पाणी, मग कात्री

कारखाना किंवा त्याचा ठेकेदार विडी कामगार महिलेला पान देतो ते तोलून. १००० विड्यांसाठी साधारणपणे अर्धा ते पाऊण किलो पान आणि पाव किलोच्या आसपास तंबाखू, असे प्रमाण असते. कारखाना, विडीची लांबी आणि पानाची प्रत यांनुसार त्यात फरक पडतो. सोबत दोरा असतो. परत घेताना मात्र विडी तोलली जात नाही, ती मोजली जाते. मजुरीही दर हजार विड्यांवर मिळते.

घरी आणलेले वाळके पान तसेच कातरता येत नाही. कात्री लावताच ते तडकते. म्हणून पुडे पाण्यात बुडवून, पाणी निथळून, ओल्या गोणपाटात किंवा कापडात गुंडाळून ठेवावे लागतात. हे काम बहुधा आदल्या संध्याकाळी होते. पाणी कमी पडले तर पान मऊ होत नाही. जास्त झाले तर ते काळवंडते, कुजकट वास येतो आणि वळलेली विडी ओलसर राहते. ऋतूप्रमाणे भिजवण्याचा वेळ बदलतो. त्याचे गणित कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. ते हातानेच शिकावे लागते.

पान मऊ झाले, की कातरणी सुरू होते. एका हातात ठरलेल्या मापाचा पत्र्याचा आयताकृती तुकडा, दुसऱ्या हातात कात्री. पत्रा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने पान कातरायचे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम निर्णयाचे आहे. पत्रा पानावर नेमका कोठे ठेवायचा, हा प्रत्येक पानागणिक नवा निर्णय असतो. पानाच्या मधोमध जाड शीर असते. ती तुकड्यात आली तर विडी त्या जागी फुगते आणि नीट आवळली जात नाही. म्हणून शीर टाळून तिच्या दोन्ही बाजूंनी तुकडे काढायचे, आणि तुकड्यात राहिलेल्या उपशिरा जाड असतील तर त्या खरवडून पातळ करायच्या. पान मोठे आणि निर्दोष असेल तर त्यातून दोन तुकडे निघतात. लहान पानातून एकच निघतो. किडीमुळे गाठी आलेले, भोके पडलेले किंवा डाग असलेले पान असेल, तर पत्रा थोडा सरकवून, थोडा तिरपा करून एखादा तुकडा मिळतो का, ते पाहावे लागते. कधी काहीच मिळत नाही.

सराईत हात हा निर्णय क्षणात घेतो. हजार विड्यांसाठी हजार तुकडे लागतात, म्हणजे कातरणीच्या एका बैठकीत शेकडो वेळा हाच विचार करावा लागतो. कातरलेले तुकडे एकावर एक रचून पुन्हा ओल्या फडक्यात ठेवतात, कारण वळताना ते वाळलेले चालत नाहीत. त्यानंतर तुकड्यावर तंबाखूची चिमूट पसरून तो तिरका गुंडाळला जातो, दोऱ्याने बांधला जातो आणि रुंद टोक आत दुमडून बंद केले जाते. विडीची लांबी, जाडी आणि निमुळतेपणा हे सारे तुकड्याच्या मापावर अवलंबून असते. तुकडा वाकडा कापला गेला, तर पुढे कितीही कुशल हाताने वळली तरी विडी सरळ येत नाही.

तूट कोणाच्या पदरात?

या व्यवहारातील अडचण येथे सुरू होते. जंगलात पान मोजले गेले, कारखान्यात ते तोलले गेले आणि विडी पुन्हा मोजली गेली. वजनाचे रूपांतर संख्येत करण्याची जबाबदारी, आणि त्या रूपांतरातील तोटाही, कातरणाऱ्या महिलेकडे येतो.

एक साधे उदाहरण घेऊ. ७०० ग्रॅम पानात १००० विड्या व्हाव्यात, अशी अपेक्षा आहे. पान चांगले असेल तर त्या होतात. पण त्याच ७०० ग्रॅममध्ये लहान, डागाळलेली किंवा भोके पडलेली पाने जास्त असतील, तर तुकडे ९०० च निघतील. पान आधीच दमट असेल तर वजनात पाण्याचा वाटा येतो आणि पानांची संख्या कमी भरते. दोन्ही वेळी तराजू खोटे बोलत नाही. तरीही शंभर विड्यांचे पान कमी पडते. मग ही महिला एक तर शंभर विड्या कमी देते आणि तेवढी मजुरी गमावते, किंवा बाजारातून स्वतःच्या पैशाने पान आणून हजाराची भरती करते. कामगार संघटना अनेक दशके ज्या तक्रारी मांडत आल्या आहेत, त्यांत खराब पान आणि अपुरे पान या तक्रारी नेहमी वरच्या क्रमांकावर असतात, त्या यामुळेच.

दुसरा तोटा ‘छाट’ या नावाने ओळखला जातो. कारखान्यात विड्या तपासल्या जातात आणि सदोष म्हणून काही बाजूला काढल्या जातात. त्यांची मजुरी मिळत नाही. पान फाटलेले, शीर वर आलेली, माप कमी, तोंड नीट बंद नाही, अशी कारणे असतात. यांतील बहुतेक कारणे मूळ पानाशी किंवा त्याच्या कातरणीशी जोडलेली आहेत. कायद्याखालील नियमांनी या छाटीला जास्तीत जास्त ५ टक्क्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा पाळली गेली तरी हजारामागे ५० विड्यांचे कष्ट विनामोबदला जाऊ शकतात.

तिसरा तोटा वेळेचा आहे. भिजवणे, निवडणे, कातरणे, शिरा काढणे यांत दिवसाचे काही तास जातात. दर मात्र तयार विडीचा आहे. कातरणीची मजुरी त्या दरातच धरलेली असते, असे कागदोपत्री म्हणता येते. पण पान जितके वाईट, तितका कातरणीचा वेळ वाढतो. दर मात्र तोच राहतो. म्हणजे वाईट पानाच्या दिवशी जास्त काम आणि कमी पैसे, असा उलटा हिशेब लागतो.

हा वाढीव वेळ भरून काढण्यासाठी घरातील इतर हात कामाला लागतात. सासू पान निवडते, मुली शाळेतून आल्यावर कात्री धरतात. विडी बनवण्याच्या कामाचा समावेश १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना मनाई असलेल्या कामांत केला होता. परंतु त्याच कायद्यात कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सवलत होती. धोकादायक कामांपुरती ही सवलत २०१६ च्या दुरुस्तीने काढून घेतली. तरीही चार भिंतींच्या आत संध्याकाळी चालणारी कातरणी कोणत्याही निरीक्षकाच्या नजरेस पडणे कठीणच असते.

कायद्याने पाहिलेले पान

कातरणी हे वेगळे काम आहे, हे कायद्याला ठाऊक नव्हते असे मात्र नाही. विडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ठेकेदाराकडून माल घेऊन घरी विड्या करणाऱ्यांनाही त्यात कामगार मानले गेले. ही त्या काळी मोठी गोष्ट होती. या कायद्यात पान भिजवणे आणि कातरणे यांचा उल्लेख नावानिशी आहे. कामाच्या जागेबाहेर पान भिजवण्यास वा कातरण्यास राज्य सरकार परवानगी देऊ शकेल आणि मालकाने त्याची नोंद ठेवावी, असे कलम २९ सांगत होते. आठवड्यातून एक दिवस कारखाना पूर्ण बंद ठेवण्याच्या तरतुदीलाही एकच अपवाद होता, तो पान भिजवण्याचा. सुट्टीच्या दिवशी पान भिजले नाही तर दुसऱ्या दिवशी काम उभे राहते, हे वास्तव कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

कच्चा माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणारे वाद सोडवण्यासाठी अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात होती. पानाचा प्रश्न हा केवळ कुरबुरीचा नसून कायदेशीर वादाचा विषय आहे, हे त्यातून मान्य झाले. मालकांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरवला. केरळमधील कन्नूर येथे काही मालकांनी कायद्याचा भार नको म्हणून कारखाने बंद केले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभी केली.

१९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवरील उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी साहाय्य मिळू लागले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर बंद झाला. त्याच वेळी तेंदूपानावर १८ टक्के कर लागू झाला. सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आणला गेला आहे. १९६६ चा कायदा आता व्यवसायविषयक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची स्थिती यासंबंधीच्या २०२० च्या संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. पान भिजवण्या-कातरण्याच्या परवानगीची तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. शब्द टिकले आहेत. त्यांची अंमलबजावणी कशी होते, यावर सारे अवलंबून राहील.

सिगारचे पान वेगळे का?

ज्या कायद्यात विडीचे नाव आले, त्यातच सिगारचेही आले. दोन्हींमध्ये वरचे पान हाताने कातरावे लागते, हे साम्य. पण सिगारवरील वेष्टनाचे पान स्वतः तंबाखूचेच असते आणि सिगारच्या सर्व भागांत ते सर्वांत महाग असते. क्यूबातील कारागीर मधली शीर काढून पानाचे दोन भाग करतो आणि चंद्रकोरीसारख्या सपाट पात्याने त्यातील वेष्टनाची पट्टी कापतो. या पात्याला तेथे ‘चावेता’ म्हणतात. डाव्या अर्ध्या पानाची सिगार एका दिशेने वळतात, उजव्या अर्ध्याची दुसऱ्या दिशेने. पान इतके मोलाचे, की ते कातरणाऱ्या हाताचेही मोल राहते. विडीत वरचे पान स्वस्त मानले गेले आणि त्याबरोबर कात्रीचे कामही स्वस्त ठरले.

पान, धूर आणि पुढचा रस्ता

पानाचा परिणाम ओढणाऱ्यावरही होतो. सिगारेटच्या कागदातून हवा आत येते. तेंदूच्या पानातून ती फारशी येत नाही. त्यामुळे विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. विडीत तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात मोठ्या प्रमाणात जातात, त्याचे हे एक कारण. पानात गुंडाळलेली म्हणून विडी ‘नैसर्गिक’ आणि कमी अपायकारक, हा समज निराधार आहे. वळणाऱ्या महिलेलाही तंबाखूची धूळ, तासन्‌तास वाकून बसणे आणि बोटांवरील घट्टे चुकत नाहीत.

विडीचा खप घटावा, हे सार्वजनिक आरोग्याचे उद्दिष्ट योग्यच आहे. पण त्या घटीची किंमत सर्वांत आधी कोण मोजणार, हा प्रश्न सोलापूरसारख्या शहरात टाळता येत नाही. येथील विडी कामगार महिलांनी संघटित होऊन घरे मिळवली. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगर प्रकल्पातील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना मिळाली, त्यांतही विडी कामगार आहेत. घर मिळाले, पण घरातले काम तेच राहिले. कन्नूरच्या सहकारी संस्थेने विडीचा खप घटताना खाद्यपदार्थ, छत्र्या अशा इतर उत्पादनांकडे मोर्चा वळवला. महाराष्ट्रात असा पर्याय मोठ्या प्रमाणावर उभा राहिलेला नाही.

तो उभा राहीपर्यंत काही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. दिलेल्या पानाचे वजन कामगाराच्या पुस्तकात लिहिणे, खराब पान बदलून देणे, प्रत्यक्ष निघालेल्या तुकड्यांवरून भरती ठरवणे आणि छाटीचे कारण लेखी देणे, एवढे झाले तरी वजन आणि मोजणी यांतील अंतर एकट्या महिलेच्या अंगावर पडणार नाही. आज मात्र दर हजार विड्यांमागे किती पान वाया गेले, याचा हिशेब बहुतेक घरांत तोंडीच राहतो.